गुरुवारची कडी

दार रुकय्या, ट्यूनिस
११ ऑक्टोबर १९३५

प्रिय अल्जिया,

देव तुझं घर भरलेलं ठेवो आणि तुझ्या सुनेला जरा अक्कल देवो. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, विचारू नकोस. आता कामाचं लिहिते.

तू पाठवलेली ती हल्लूमा. वसंतात तू लिहिलंस, वहिनी, आमच्या गल्लीतली पोर आहे, नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, तुमच्याकडे खोली रिकामी झालीय तर शब्द टाक. माझ्या नणंदेचा शब्द म्हणून मी कारभाऱ्यांकडे, सी तय्यबांकडे, माझा शब्द टाकला आणि विधवांच्या या घरात, दार रुकय्यात, अंजिराच्या झाडामागची खोली तिला मिळाली. आता त्या शब्दाची मला धास्ती वाटायला लागलीय. कुठेतरी पाणी मुरतंय.

तू इथे एकदाच आलीस आणि तेव्हाही सगळा वेळ रडण्यात घालवलास, म्हणून आमच्या दाराचं पुन्हा सांगते. बाहेरच्या दाराला तीन कड्या आहेत. डावीकडची जड, ती पुरुषांची. उजवीकडची हलकी, बायकांची. खाली हाताला येईल अशी लहान, ती मुलांची. नुसत्या आवाजावरून आत कळतं की कोण आलंय, डोकं झाकायचं की नाही. दारातून आलं की देवडी, आणि देवडी काटकोनात वळलेली, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर कितीही लांब असली तरी चौकात पोचत नाही. देवडीत भिंतीला धरून दगडी ओटा. दान आणणाऱ्याने दान ओट्यावर ठेवायचं, बाहेर येऊन जड कडी वाजवायची आणि चालू लागायचं. मग आतलं दार उघडून आम्ही उचलायचं. देणाऱ्याने घेणारीचं तोंड पाहायचं नाही, घेणारीने देणाऱ्याचं नाही. या घराची मूळ मालकीण लल्ला रुकय्या स्वतः एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. दिरांनी हाकलल्यावर दारोदार हात पसरले होते तिने. पुढे ट्यूनिसच्या राजाच्या, बेच्या, वाड्यात दाई झाली, पैसा आला, तेव्हा हे घर बांधताना गवंड्याला तिने आधी देवडी बांधायला लावली आणि मग खोल्या. चौकातले खांब कार्थेजच्या पडक्या देवळांतून आणलेले, एकाची उंची दुसऱ्याला नाही, कुणाच्या पायाखाली दोन दगड तर कुणाच्या चार. त्याचं तिला काही वाटलं नाही. देवडी मात्र तीनदा पाडून बांधून घेतली म्हणतात.

तर आता ऐक. गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी, दुपारची नमाज होऊन उन्हं उतरली की जड कडी वाजते. मी किल्ल्या घेऊन उठेपर्यंत हल्लूमा देवडीत पोचलेली असते. जणू कान लावूनच बसलेली. आणि मागे आतलं दार ओढून घेते. बरं, उचलायला किती वेळ लागतो? ही पोर तिथे रेंगाळते. मग टोपली घेऊन येते, खाली मान. कोण होतं विचारलं तर म्हणते, "कुणी पुण्यवान असेल, लल्ला." पुण्यवान माणसं रमजानमध्ये उगवतात, आशुऱ्याला उगवतात. दर गुरुवारी न चुकता उगवणारा पुण्यवान मी इतक्या वर्षांत पाहिला नाही.

आणि टोपलीत काय, तर माशाची खारवलेली गाभोळी. बिझर्टची. ट्यूनिसच्या बाजारात मिळते तसली कडक नाही, आपल्याकडे मेणात बुडवून ठेवतात तसली. पहिला तुकडा मला आणून देते. लोणी लावतेय मला. मी खाल्ला, खोटं कशाला बोलू, पण खाताना माझं डोकं चालू होतं.

तू तिच्या गल्लीतली. मला एकच सांग. तिचा नवरा साद्क खरंच मेला का? तू डोळ्यांनी पाहिलंस का? या घराची अट तुला माहीत आहे. जिचा नवरा हयात आहे तिने इथे राहायचं नाही, कळल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत खोली सोडायची. अट माझी नाही, लल्ला रुकय्याची आहे, आणि किल्ल्या माझ्याकडे आहेत.

तुझी वहिनी,
शाद्लिया


बिझर्ट
२० ऑक्टोबर

प्रिय शाद्लिया वहिनी,

तुझं पत्र मिळालं. सुनेला अक्कल यायची तेव्हा येईल, सध्या तिला पुन्हा दिवस गेलेत. धाकट्या नातीचे समोरचे दोन्ही दात पडले आणि ती आता सगळ्यांना शीळ घालून दाखवते. यंदा जैतुनाला फळ चांगलं धरलंय. वारा सुटला नाही तर तेल बरं निघेल.

साद्क मेला, वहिनी. माझ्या दारावरून तिरडी गेली. त्याच्या आईला दोन बायकांनी धरलं होतं, त्यातली एक मी. हल्लूमा चांगली पोर आहे. तिच्यावर रागावू नकोस.

गुरुवारचं दान कुणाचं का असेना. देणाऱ्याचं तोंड पाहू नये असं तूच मला लिहीत आलीस ना? मग आता का पाहायचं? खा आणि देवाचं नाव घे. तुझी तब्येत मुळातच नाजूक.

तू त्या माणसाला पाहिलंस का गं? म्हणजे त्याने तुला पाहिलं का? उगाच विचारते. देवडीत जात जाऊ नकोस, तिथे दगडाचा गारठा असतो आणि तुझे गुडघे असे. हल्लूमाला उचलू दे. तरुण आहे ती.

तुझी,
अल्जिया

ता. क. पाहिलंस की नाही तेवढं मात्र कळव.


दार रुकय्या
२६ ऑक्टोबर

अल्जिया,

मी विचारलं नवऱ्याचं, तू लिहिलंस नातीच्या दातांचं. तुला लिहायला मी शिकवलं. सासरी आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि माझ्या वडिलांची पाटी मी तुझ्यासाठी माहेरून आणली होती. त्यामुळे तुझं अक्षर कधी घाईत असतं आणि कधी घाबरलेलं असतं ते मला कळतं. ता. क. मधलं अक्षर घाबरलेलं आहे. एका दानवाल्याने मला पाहिलं की नाही याची बिझर्टला बसून तुला काय काळजी? ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?

बरं, पाहिलं मी. परवाच्या गुरुवारी.

दारावर जी लाकडी जाळीची खिडकी पुढे आलेली आहे, तिच्यात बसले. जिना चढताना तीनदा बसावं लागलं. लल्ला रुकय्याने ती खिडकी बायकांना मिरवणुका दिसाव्यात म्हणून केली असं लोक म्हणतात. मला वाटतं अशा कामासाठीच केली असावी. उन्हं उतरली आणि बाब सुईका वेशीकडून एक म्हातारा आला. एक खांदा पडलेला, टोपीचा लाल रंग उडून विटेसारखा झालेला. आत गेला, बाहेर आला, कडी वाजवली. आता रीतीप्रमाणे चालू लागायला हवं की नाही? हा गेला नाही. बंद दारावर तळहात टेकून उभा राहिला. मग दार फटीएवढं उघडलं आणि आमची सोज्वळ हल्लूमा त्याच्याशी बोलायला लागली.

वरून मला सगळं ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याचं एवढं ऐकलं: "ती बरी आहे ना? जेवते ना नीट?" हल्लूमाने काय सांगितलं देव जाणे, पण त्याने दोनदा मान हलवली आणि गेला.

ती म्हणजे कोण? मी रात्रभर विचार केला. हल्लूमाला मूल असेल, कुठे तरी ठेवलेलं? नाही, तो जेवते का विचारत होता, म्हणजे "ती" इथेच राहते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला हल्लूमाशी निकाह लावायचाय, आणि आधी घरातल्या मोठीची खबर काढतोय, म्हणजे माझी. म्हातारी बरी आहे का, खातेय का, की लवकरच डोळे मिटेल आणि किल्ल्या दुसऱ्या कुणाकडे जातील. आणि कुणास ठाऊक, निकाह झालाही असेल. आतून विधवेची खोली, बाहेरून नवऱ्याची टोपली. मांजर डोळे मिटून दूध पितंय.

मी चौकात सगळ्या बायकांना जमवून सांगितलं. तुला वाटेल हलकल्लोळ झाला असेल. कुठलं काय. मन्नाना मावशी, जिला चिमणी उडाली तरी बोलायचं असतं, ती मिरच्या निवडत बसली. तुर्किया म्हणाली, लल्ला, यंदा रमजानला चुना काढून घ्यायचा का चौकाला? गाभोळीने सगळ्यांची तोंडं चिकटवून टाकलीत त्या पोरीने.

मी सी तय्यबांना निरोप धाडलाय. रमजान लागायच्या आधीच्या गुरुवारी, एकवीस तारखेला, ते येतील आणि चौकशी करतील. तुला वाटत असेल, या शाद्लियाला आनंद होतोय. नाही होत. त्या पोरीला जायला जागा नाही हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आधी इथे एका किल्लीवालीने असंच कुणाकडे तरी डोळेझाक केली होती, तेव्हाच्या कारभाऱ्याने ती बाई तर काढलीच आणि किल्लीवालीलाही काढली. मला हे छप्पर गेलं तर मी कुठे जाऊ? तुझ्या मोठ्या भावाकडे, ज्याने माझी गादी दारात टाकली होती?

शाद्लिया


बिझर्ट
२ नोव्हेंबर

वहिनी,

कारभाऱ्यांना नको म्हणून सांग. हात जोडते. आजच निरोप पाठव.

खरं सांगते. टोपली मी पाठवते. गाभोळी आमच्याकडची. तू बिझर्ट सोडताना शपथ घेतली होतीस की सासरच्या घरचा कण तोंडात घालणार नाही. माझ्या नावाने पाठवली असती तर तू गटारात टाकली असतीस, म्हणून अशी युक्ती केली. बिझर्टच्या मोटारीतून माल उतरतो, तिथे दोरवाल्यांच्या वखारीत एक म्हातारा रखवालदार आहे, ओळखीचा, तो तुमच्या दारी आणून ठेवतो. हल्लूमाला मीच सांगितलं होतं की वहिनीच्या आधी उचल आणि नाव सांगू नकोस. तो जेवते का विचारतो कारण मला कळवायचं असतं.

एवढंच आहे. तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ. गाभोळी नको तर नको. पोरीच्या डोक्यावरचं छप्पर काढू नकोस, वहिनी, तिने तुझ्या पायी फार सोसलंय.

अल्जिया


दार रुकय्या
९ नोव्हेंबर

अल्जिया,

तुझ्या पायी सोसलंय. माझ्या पायी? काय सोसलंय तिने माझ्या पायी? सकाळी विहिरीचं पाणी काढते, ते सगळ्याच काढतात.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. खोटं बोलायला तुला मी शिकवलं नाही, म्हणून तुला ते येत नाही. ओळखीचा रखवालदार निरोप्या असता तर टोपली ठेवून, कडी वाजवून गेला असता. निरोप्या बंद दारावर तळहात ठेवून उभा राहत नाही. मागच्या गुरुवारीही मी खिडकीत होते. पाऊस होता. तो भिजत उभा होता.

परवा मी हल्लूमाला माझ्या खोलीत बोलावलं. समोर बसवलं, चहा दिला, आवाज चढवला नाही. विचारलं, तुझा कोण तो? म्हणाली, माझा कुणी नाही. मग कुणाचा? तिने पेला खाली ठेवला. म्हटलं, अल्जिया लिहिते की तिचा निरोप्या आहे, ते खरं का? तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही रडणार. रडली नाही. म्हणाली, "लल्ला, मला काढायचं तर काढा. मी एकवीस तारखेला काही बोलणार नाही. पण त्यांना काही विचारू नका."

त्यांना. कुणा म्हाताऱ्या रखवालदाराला कोणी त्यांना म्हणतं का?

जी बाई बेघर व्हायला तयार आहे पण नाव सांगायला तयार नाही, तिच्याजवळ झाकायला काहीतरी मोठं असतं. आणि तूही तेच झाकते आहेस. वर्षाकाठी ईदला एक पत्र टाकणारी तू, आता मी लिहिलं की उलट टपाली उत्तर. तुम्ही दोघींनी मिळून माझ्याभोवती काहीतरी विणलंय आणि या घरातल्या सगळ्या बायकांना त्यातला एकेक धागा धरायला दिलाय. मी चौकात आले की बोलणं थांबतं. माझ्याच घरात मला परक्यासारखं वाटायला लागलंय आणि मला याचा इतका राग येतो की गेले चार दिवस मी कुणाबरोबर जेवले नाही.

निरोप मागे घेणार नाही. त्या माणसाचं नाव लिही. लिहिलं नाहीस तर एकवीसला हल्लूमा जाईल, आणि तिचं पाप तुझ्या डोक्यावर.

शाद्लिया


बिझर्ट
१५ नोव्हेंबर

वहिनी,

हे दार लावून वाच. बसून वाच.

तो हमदा आहे.

माझा भाऊ. तुझा नवरा. मेला नव्हता.

मला शिव्या दे, पण आधी सगळं वाच. ज्या दिवशी मार्सेयहून तो खलाशी हमदाचा बुरनूस, त्याचा लोकरी झगा, घेऊन आला आणि म्हणाला की तापाने गेला, त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं. मी जी रडले ती खरी रडले. काझींनी तुला थांबायला लावलं, मग तू विधवेचे दिवस पाळलेस, पांढरं नेसून माझ्याच शेजारी बसलीस, तेव्हाही मला माहीत नव्हतं. देवाशपथ. कळलं ते दोन हिवाळ्यांपूर्वी. माझ्या दाराची जड कडी वाजली, सुनेने पाहिलं, म्हणाली कोणी भिकारी आहे. मी भाकरी घेऊन गेले. तो म्हणाला, अल्जू. मला अल्जू म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

बुरनूस त्यानेच पाठवला होता. तिथे त्याला दुसरी बाई होती. म्हणतो, तू मोकळी व्हावीस म्हणून तसं केलं, तुझं वय होतं, दुसरं लग्न करशील असं वाटलं. हे खरं, की त्याला स्वतःलाच मोकळं व्हायचं होतं हे खरं, ते मला माहीत नाही. मी त्याला थोबाडीत मारली, म्हातारा झालेल्या भावाला, आणि मग जेवायला वाढलं. ती बाई मेली. तिच्या मुलांनी ठेवून घेतलं नाही.

मी तुला का सांगितलं नाही? सांगून काय झालं असतं ते तूच बघ. काझींपुढे तू आजही त्याची बायको आहेस. त्याने हात धरून नेलं तर कोणी अडवणार नाही. आणि तुझ्या घराची अट. त्याने तुझं सगळं आधीच नेलं होतं, वहिनी. ही एक खोली तू स्वतःच्या नावावर मिळवलीस, तीही त्याच्या जिवंत असण्याने जावी, हे मला बघवलं नसतं.

त्याला तुझ्यावर हक्क नकोय. तो म्हणाला, फक्त ती कुठे राहते ते दाखव. वखारीत नोकरी धरली ती तुमच्या भिंतीजवळ राहायला मिळावं म्हणून. टोपलीतलं माझं काही नाही, त्याच्याच पगारातलं आहे. गाभोळी तुला आवडते हे त्याला आठवत होतं. मला भीती ही, की एखाद्या दिवशी तू दार उघडशील. म्हणून हल्लूमाला विश्वासात घेतलं.

हे पत्र चुलीत घाल. सी तय्यबांना सांग, चूक झाली. कुणाला कळणार नाही. तू विधवाच राहशील.

तुझी,
अल्जिया


दार रुकय्या
२३ नोव्हेंबर

अल्जिया,

पत्र सोमवारी आलं. चुलीत घातलं. पण घालायच्या आधी इतक्यांदा वाचलं की घालून काही उपयोग झाला नाही.

पहिले दोन दिवस मला फक्त राग आला. त्याच्यावर नाही, तो माझ्यासाठी इतका जुना मेलेला की राग चिकटेना. तुझ्यावर. दोन हिवाळे तू मला ईदच्या शुभेच्छा लिहिल्यास. मग स्वतःवर. वर खिडकीत बसून मी त्याला दोनदा पाहिलं, अल्जिया, आणि हा कुणाचा कोण म्हणून पाहिलं. ज्याच्यासाठी पांढरं नेसले, त्याला ओळखलं नाही. दुसरीच्या नवऱ्याची चौकशी करत फिरत होते मी, काखेत कळसा घेऊन.

आता गुरुवारचं ऐक.

सी तय्यब आले. रीतीप्रमाणे देवडीत ओट्यावर बसले, आम्ही आतल्या दाराच्या जाळीमागे. त्यांचं वय झालंय, मध्येच पेंगतात. म्हणाले, लल्ला शाद्लिया, तुमचा निरोप आला की या घरात एक बाई अशी आहे जिचा नवरा हयात आहे. ती कोण?

माझ्या बाजूला हल्लूमा उभी होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं. अल्जिया, ती खरंच जाणार होती. सकाळी तिची वळकटी बांधलेली मी पाहिली होती. माझ्यासाठी, जिने तिला महिनाभर जेवताना टोचून टोचून खाल्लं. मी तिचा हात धरून मागे ओढलं. मला तेव्हा खरं सांगायचं होतं. माझ्या तोंडात "मी" हा शब्द आलाही होता. पण तुर्कियाने मागून माझा पदर धरला आणि कानाशी म्हणाली, "लल्ला, आम्हाला सगळं माहीत आहे. गप्प बसा."

मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कुणालाच नवल नव्हतं. मन्नानाला माहीत होतं, वरच्या खोलीतल्या आंधळ्या बयालाही माहीत होतं. मी चौकात आले की बोलणं थांबायचं ते यासाठी. मी समजत होते की हे घर मी राखतेय, आणि इथे तर सगळ्या मिळून मला राखत होत्या.

मी जाळीतून सांगितलं, सी तय्यब, संशय माझा होता, खोटा निघाला. म्हातारपणी डोकं फिरतं. या घरात सगळ्या विधवा आहेत. ते म्हणाले, मग बरं झालं, रमजान मुबारक. त्यांच्यामागे दार लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा मी हल्लूमाच्या हातात दिला. घेईना. म्हटलं, कारभाऱ्यांशी खोटं बोललेल्या बाईच्या कमरेला या शोभत नाहीत, ठेव.

आणि गुरुवारच होता. उन्हं उतरली, जड कडी वाजली.

हल्लूमा उठली. मी तिला बस म्हटलं. आतलं दार उघडलं, देवडीतून चालत गेले, वळण घेतलं आणि बाहेरचं दार सताड उघडलं. डोक्यावरून घेतलेलंही मागे सारलं. म्हटलं, बघ काय बघायचंय ते.

तो समोर होता, तळहात हवेतच राहिलेला. त्याचे दात गेलेत. डोळे पिवळे झालेत. तो गडबडला, मान खाली घातली आणि म्हणाला, "माफ करा, लल्ला. हल्लूमा आहे का?"

त्याने मला ओळखलं नाही.

मला वाटलं होतं मी ओरडेन, थुंकेन, विचारेन. सगळं ठरवून गेले होते. आणि तो असा उभा, एखाद्या अनोळखी म्हातारीसमोर अदबीने. मी विचारलं, काय काम आहे तिच्याशी? म्हणाला, इथे शाद्लिया म्हणून बाई राहतात, बिझर्टच्या, त्या बऱ्या आहेत का तेवढं विचारायचं होतं.

मी म्हटलं, "ती गेली. रविवारी."

हे मी ठरवलेलं नव्हतं, अल्जिया. आतूनच आलं. तो आत येऊन ओट्यावर बसला. बसण्याची रीत नाही तिथे, पण बसला. टोपली जरा बाजूला सरकवली. मग त्याने विचारलं, "त्यांना कळलं होतं का, इथे कोण येतं ते?"

मी नाही म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. आणि मग रडला. मी उभी राहून पाहत होते. आपल्यासाठी माणूस कसा रडतो ते बघायला मिळणाऱ्या बायका फार नसतील. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, बरंही वाटलं. थांब म्हणावंसं वाटलं, एकदाच, फार जोरात वाटलं. मग आत चौकात माझी खोली आहे हे मला आठवलं, आणि टोपली उचलून मी आतलं दार लावलं. उशिरापर्यंत त्याचा हात पलीकडून त्या दारावर होता, आत कळत होतं.

तो तुझ्याकडे येईल. कदाचित हे पत्र पोचायच्या आधीच येईल. त्याला खरं सांगायचं नाही. पाणी दे, जेवायला वाढ, आणि त्याच्यासमोर रड. त्याच्यासाठी रडली होतीस तशी. कुस्कुस करून माझ्या नावाने गल्लीत वाट. त्याला म्हणावं, काही दिवस शोक पाळ आणि मग मोकळा हो. मी बावीस वर्षं पाळला, त्याला थोडा झेपेल.

आणि मला आता लिहू नकोस. गेलेल्या बाईच्या नावाने पत्र घालत नसतात. अगदी राहवलं नाही तर हल्लूमाच्या नावाने घाल. तिला वाचता येत नाही, मी तिला वाचून दाखवीन.

शाद्लिया